सोलापुरात पुरुषांच्या ईटिंग डिसऑर्डरबद्दल कॅम्पेन करायचंय, सुरुवात कुठनं करावी?

होटगीरोडवाला

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. माझा आतेभाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता, सध्या त्याची बुलिमियाची, म्हणजे ताबा सुटून खायचं आणि मग उलटी वगैरे करून काढायचं या आजाराची, ट्रीटमेंट चालू आहे. सुरुवातीला घरात सगळ्यांना वाटायचं पोरगं शिस्तीचं झालंय, पहाटे उठून पळतंय, गोड सोडलंय, रात्रीचं जेवण सोडलंय, आत्या तर शेजारच्या बायकांना कौतुकानं सांगायची. मग रात्री फडताळातलं गायब व्हायला लागलं, भाकऱ्या, शेंगाचटणी, बिस्किटाचे पुडे, जे हाताला लागेल ते, आणि त्यानंतर नळ सोडून बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास. ज्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा नेलं त्यांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, आत्यानं उलट्यांचं सांगितलं तर म्हणाले असलं पोरींना होतं, पोरांना नाही. पुढं ग्राउंडवरच चक्कर येऊन पडला, रक्तात पोटॅशियम फार कमी निघालं, तेव्हा कुठं मानसोपचाराकडं पाठवलं.

आता बराय तो. त्याच्या बॅचची अजून दोन पोरं असंच करतात म्हणतो पण तोंड उघडत नाहीत. म्हणून आम्ही मंडळातल्या चार-पाच जणांनी ठरवलंय काहीतरी करायचं. २ जूनला ईटिंग डिसऑर्डरचा जागतिक दिवस असतो, त्या दिवशी पार्क चौकात बॅनर, एक रॅली आणि एखाद्या कॉलेजात व्याख्यान असं डोक्यात आहे. पण बॅनरवर लिहायचं काय, बाप्ये लोक येणार कसे, आणि आलेच तर त्यांना पुढं कुठं पाठवायचं हे काही सुचत नाहीये. आणि "हे मुलींचंच असतं" म्हणणाऱ्याला गप्प करायला काही ठोस असेल तर तेही सांगा.

चाळिशीतला

रागावू नका पण हे मोठ्या शहरातले चोचले आहेत. आपल्याकडं पोराला पोटभर घाला आणि शेतात पाठवा, सगळं जागेवर येतं.

पुस्तकी_किडा_विजापूररोड

काका, ही शहरातली आणि आत्ताची फॅशन नाही. १६८९ साली लंडनच्या रिचर्ड मॉर्टन नावाच्या डॉक्टरनं अशा दोन पेशंटची हकीकत लिहून ठेवली आहे, दुसरं कुठलंही कारण नसताना अन्न तुटलेले आणि खंगत गेलेले. त्यातली एक मुलगी आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे पहिल्या नोंदीपासूनच मुलगा आहे, नंतर तो डॉक्टरांच्या नजरेतनं सुटला. किती सुटला बघा, अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या ज्या पुस्तकावर जगभर निदान करतात त्यात २०१३ पर्यंत अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं जेवण तोडून खंगत जायच्या आजाराची, एक अट अशी होती की सलग तीन महिने पाळी चुकलेली पाहिजे!! आता पुरुषाची पाळी चुकणार कशी? ती अट २०१३ च्या आवृत्तीत काढली, आणि बिंज ईटिंगला, म्हणजे ताबा सुटून खूप खाणं पण उलटी वगैरे काही नाही, त्याला वेगळा आजार म्हणून जागा पण त्याच वेळी मिळाली.

आकडा पाहिजे तर २००७ साली छापून आलेला अमेरिकेतला मोठा सर्व्हे आहे. आयुष्यात कधी ना कधी बुलिमिया झालेल्या बायका १.५ टक्के आणि पुरुष ०.५ टक्के, म्हणजे बुलिमियाच्या चार पेशंटमधला साधारण एक पुरुष. बिंज ईटिंगमध्ये बायका ३.५ आणि पुरुष २ टक्के, तिथं तर फरक अजूनच कमी. हे अमेरिकेचे आकडे आहेत, बॅनरवर टाकणार असाल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर लोक सोलापूरचे समजतील.

पण आपल्या लोकांना आकड्यापेक्षा क्रिकेटर पटतो. इंग्लंडच्या फ्लिंटॉफनं वानखेडेवर शर्ट काढून फिरवला होता आठवतंय का, तोच. त्यानं २०२० मध्ये बीबीसीच्या डॉक्युमेंटरीत सांगितलं की त्याला कित्येक वर्षं बुलिमिया आहे, खेळत असताना पेपरवाले त्याच्या वजनावर लिहायचे तेव्हापासून. ब्रिटनचे माजी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी पण २००८ साली स्वतःचा बुलिमिया जाहीर केला होता. एवढा आडदांड फास्ट बॉलर म्हटल्यावर "पोरींचं असतं"वाले जरा थांबतात.

आणि काका, "पोटभर घाला" यावरच एक सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, ती सगळी स्वतःहून आलेली माणसं. थोड्या महिन्यांत ती पाककृतीची पुस्तकं वाचत बसायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिडी आणि उदास झाली, आणि उपाशी ठेवणं संपल्यावर काही जण खातच सुटले, पोट भरलंय हेच कळेना. उपासमारीनं डोकं असं फिरतं, मनानं कितीही खंबीर असला तरी. त्यामुळं भरतीसाठी जेवण तोडणारं पोरगं रात्री फडताळ रिकामं करतं यात मला तरी नवल वाटत नाही.

तालमीतला_गडी

रॅलीचं काय बोलालाव राव. भर पार्क चौकात ज्याला हा त्रास आहे तो तुमच्या बॅनरखाली येऊन उभा राहील का? सगळं गाव ओळखीचं, कोण ना कोण बघतंयच. आणि २ जूनला कॉलेजं सुट्टीवर असतात, व्याख्यान ऐकणार कोण, बाकडी?

पोरं जिथं आहेत तिथं जावा. मी जिममध्ये ट्रेनर हाय आणि लहानपण सगळं तालमीत गेलंय. कुस्तीच्या आधी वजन तोडायला पोरं काय काय करलालेत ते इथं लिहीत नाही, वाचून अजून दोघं करतील. जिममध्ये तर आता उलटंच चाललंय, दंड एवढे झालेत तरी आरशात बघून म्हणणार मी बारीकच दिसतो, भावाच्या लग्नात जेवत नाही कारण कटिंग चालूय, म्हणजे चरबी उतरवायला खाणं तोडलंय, एक दिवस जिम बुडली तर येडा होतो. याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात हे मला लई नंतर कळलं. भरतीची पोरं तर दोन्ही बाजूनं अडकलेली, १६०० मीटर पळायला अंग हलकं पाहिजे आणि छाती मोजताना ७९ भरून वर पाच सेंटीमीटर फुगली पाहिजे. मग अकॅडमीतला कोण तरी सांगतो हे खा, ते खाऊ नको, आणि इथनंच सुरू होतं.

माझं म्हणणं, अकॅडमीचे सर, वस्ताद आणि जिम ट्रेनर यांना आधी एकत्र बसवा. आम्हाला रोज दिसतात ही पोरं, घरच्यांच्या आधी आम्हाला कळतं. पोस्टर लावायचंच तर चेंजिंग रूममध्ये आतल्या बाजूला लावा, एकटा असताना वाचंल आणि नंबर मोबाइलमध्ये घेऊन जाईल.

दातवाली_डॉक्टर

ट्रेनरभाऊंचं पटलं. त्या यादीत डेंटिस्ट पण घाला. वारंवार उलट्या करणाऱ्याच्या वरच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू अ‍ॅसिडनं झिजते, दात ठणकतात, गालाखालच्या ग्रंथी सुजून चेहरा गोल दिसतो. हे बऱ्याचदा आम्हालाच पहिल्यांदा दिसतं. पण खरं सांगू का, सोलापुरात पुरुष पेशंट खुर्चीत बसला की आमची नजर आधी मावा आणि तंबाखू शोधते, ते सापडलं की पुढचं बघायचं राहून जातं. मी आमच्या ग्रुपवर विषय काढते. तोवर आतेभावाला एक सांगा, उलटी झाली तर लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्यानं चूळ भरायची, अ‍ॅसिडनं मऊ झालेलं दाताचं कवच घासल्यानं अजून जातं.

अक्कलकोटरोडची_वहिनी

सगळे भरतीच्या पोरांवरच बोलताय म्हणून लिहिते. आमचे मिस्टर सेहेचाळीस वर्षांचे, टॉवेलच्या कारखान्यात आहेत, अंगानं भारी. त्यांना बिंज ईटिंग आहे हे नुकतंच कळलं. रात्रपाळी करून आले की एकटे बसून खातात, भूक नसली तरी, पोट दुखेपर्यंत, मग स्वतःचीच लाज वाटून दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. शुगरचे डॉक्टर दरवेळी "तोंडावर ताबा ठेवा" म्हणतात, नातेवाईक गड्ड्याच्या यात्रेत भेटले तरी पोटावर हात मारून हसतात, आणि तीच माणसं आपल्या घरी बोलावून चौथी पोळी आग्रहानं ताटात टाकतात. तुमच्या बॅनरवर हाडाची काडी झालेल्या पोराचा फोटो असला तर आमचे मिस्टर म्हणणार हे माझ्यासाठी नाही, आणि पुढं जाणार. वजनाचे आकडे पण नकोत आणि आधीचा-नंतरचा असले फोटो पण नकोत. ज्याला आजार आहे तो ते बघून स्वतःला मापत बसतो. फोटोऐवजी साधी वाक्यं लिहा ना, "खाल्ल्यावर लाज वाटते?", "जेवायला लागेल म्हणून लग्न टाळता?" अशी.

सिव्हिलच्या_मागची_गल्ली

पाठवायचं कुठं ते राहिलं, म्हणून मी लिहितो, वॉर्डात काम करतो. हे आधी पक्कं करा आणि मगच पोस्टर लावा. पोरगं हिंमत करून विचारायला आलं आणि तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलात तर ते परत यायचं नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. ज्याला तिथं दिसायचंच नाही त्याला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात, २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे तरी लोकांना माहीत नाही. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजाराला विमा देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय, क्लेमला नाही म्हटलं तर हे सांगायचं.

पण चक्कर, छातीत धडधड, फिट, रक्ताची उलटी असलं काही असेल तर समुपदेशन नंतर, आधी थेट कॅज्युअल्टी. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, त्यात तरुण माणूस जाऊ शकतो. आणि वर काका म्हणाले तसं फार दिवस उपाशी राहिलेल्याला घरीच एकदम पोटभर घालू नका, रक्तातलं फॉस्फेट वगैरे झपकन खाली येतं आणि जिवावर बेततं. अशा पेशंटचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू वाढवतात.

चाळिशीतला

बरं बाबा, हे फॉस्फेटचं माहीत नव्हतं. अकॅडमीवाला एक ओळखीचा आहे, विचारून बघतो.

होटगीरोडवाला

सगळ्यांचे आभार, काका तुमचे पण. रॅली आणि व्याख्यान कॅन्सल. आधी ट्रेनर, वस्ताद, अकॅडमीवाले यांची एक बैठक, डॉक्टरताई आणि वॉर्डवाले दादा तुम्ही दोघं अर्धा तास बोलाल का? भाऊ म्हणतोय तो पण येईल, पण नाव न सांगता मागं बसेल, बोलावंसं वाटलं तर बोलेल, कुणी आग्रह करायचा नाही. त्यानंतर चेंजिंग रूमची पोस्टरं. वहिनी, कारखान्यात पण लावता येतील का? मजकूर उद्या टाकतो.

तालमीतला_गडी

जागा माझ्या जिममध्ये घ्या, दुपारी दोन ते चार रिकामीच असती. फक्त आलेल्यांना प्रोटीन पावडर विकायला कुणी आणू नका, मागच्या एका मीटिंगला तेच झालतं.

अक्कलकोटरोडची_वहिनी

मिस्टरांना विचारलं, सुपरवायझरशी बोलतो म्हणाले. पाळी बदलायच्या वेळी हात धुतात तिथं लावता येईल. आमच्या खात्यात निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, तेव्हा ती चार वाक्यं तेलुगूत पण करून ठेवा, मी शेजारच्या अक्कांकडनं तपासून घेते.