पंचनाम्याला गेलं की लोक अंगावर येतात, काय करावं?

शिवारातली_ताई:
मी कृषी सहायक आहे, सीनेकाठची तीन गावं माझ्याकडं. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी पंचनाम्याला गेलो तर वेशीतच लोकांनी गाडी अडवली, एका पोरानं हातातली यादी फाडली, मला कुणी हात लावला नाही पण जे बोलले ते अजून कानात आहे. एरवी हीच माणसं चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत. ऑफिसातले म्हणतात गुन्हा नोंदव. मला तसं करू वाटंना, आणि परत जायची भीती पण वाटतीय. कुणी असं निभावलंय का?

जुना_भाऊसाहेब:
ताई, मी तलाठी म्हणून रिटायर झालो. सरकारी कामात अडथळा आणला की लागतं ते आधीचं ३५३, आता १३२ कलम, त्यात जामीन सहजी मिळत नाही, पोराचं नोकरीचं वय निघून जाईल. पण यादी फाडली हे तहसीलदारांना लेखी कळवून ठेवाच, उद्या उशीर झाला म्हणून नोटीस तुम्हालाच येईल. २०१९ ला कृष्णेच्या पुरात फुकट धान्याला दोन दिवस पाण्यात असायची अट होती. चिखल काढत असलेल्या माणसाला मी विचारायचं, पाणी किती दिवस होतं? लय शिव्या खाल्ल्या. अट मंत्रालयात लिहिलेली, दारात उभा मी.

बटईवाला_परंडा:
राग तुमच्यावर नाही ओ ताई. आमचे वडील चार एकर बटईनं करतात, बियाणं खत आमचं, सातबारा मालकाचा आणि मालक पुण्यात. सोयाबीन कुजलं आमचं, पैसे येणार त्याच्या खात्यावर. आई खुरपायला जाते, तिची मजुरी बुडाली, त्याला तर फॉर्मात रकानाच नाही. तुम्ही येता, सातबारा कुणाच्या नावावर विचारता आणि पुढं जाता, आम्ही तिथंच उभे असतो पण आम्हाला काहीच विचारत नाही, ते लय लागतं मनाला.

सीनाकाठ:
दादा बरोबर बोलले. आणि ज्यांचा सातबारा आहे त्यांचं पण ऐका, २०२५ च्या दरानं जिरायतीला हेक्टरी ८५०० म्हणजे एकरी ३४०० रुपये, एवढ्यात बियाणाची बॅग आणि खताचं पोतं आणलं की संपलं, काढणीचं सोडाच. त्यात नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे, ते ठरवणार तुम्ही बांधावर उभं राहून, म्हणून सगळे तुमच्याच तोंडाकडं बघतात. माझे मागच्या वेळचे पैसे ई-केवायसीत अडकले ते अडकलेच. तरी यादी फाडणं चूकच, त्यात वीस घरांचं नुकसान झालं. माझं ऐकाल तर आधी नदीकडच्या खरडलेल्या जमिनींकडं जा, माती वाहून खाली खडक दिसतोय तिथं, आणि बचत गटातल्या दोघीतिघींना सोबत घ्या.

शिवारातली_ताई:
सगळ्यांचे आभार. बटईवाले दादा, खरंय, मी विचारलंच नव्हतं. यादी परत लिहून काढलीय. बटईवाल्यांची आणि मजुरांची वेगळी यादी करून वर पाठवते, मंजूर होईल असा शब्द देता येत नाही, तेही गावात स्पष्ट सांगणार आहे. उद्या सकाळी आठला मारुतीच्या पारावर सगळी नावं मोठ्यानं वाचते, मग नदीकडं. ज्यानं यादी फाडली त्याच्या आईला फोन केला होता, त्यांची म्हैस वाहून गेलीय, आणि ती यादीत नव्हती.