एंजलसोबत कोण राहील?
एंजल माशांच्या टाकीत टायगर बार्ब आणि निऑन टेट्रा हे मासे सोडायचं म्हणताय, तर बार्ब कृपया नकोच. एंजलचे लांब, लोंबते पर दिसले की ते कुरतडतात. मोठ्या थव्यात त्यांची खोडी बरीचशी आपसात जिरते हे खरं, पण संथ एंजलवर हा प्रयोग कशाला? निऑनची गोष्ट उलटी. दुकानात दोघे एकत्र सुखाने फिरतात, कारण तिथले एंजल अजून पिल्लं असतात. मोठे झाल्यावर सडपातळ निऑन त्यांच्या तोंडात सहज मावतो.

त्यापेक्षा कोरीडोरास हे छोटे मासे घ्या, किमान 6. ते तळाशी वावरतात, एंजलच्या वाटेला जात नाहीत. फक्त खाली बारीक वाळू हवी, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. पाणी 25-26 अंशांवर ठेवा.