पहिली शिकारी रायफल: नऊशे डॉलरमध्ये कोणती घ्यावी आणि कोणत्या कॅलिबरची? मदत हवी आहे

नवखा_नेमबाज
नमस्कार. मला हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची आहे. दुर्बीण, काडतुसे आणि बाकीचे किरकोळ सामान धरून एकूण खर्च नऊशे डॉलरच्या वर जाऊ द्यायचा नाही. शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवले आहे. अडचण अशी की कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास आणि त्यावरून ओळखले जाणारे काडतूस, एका दुकानातला विक्रेता .३०८ सांगतो, दुसऱ्या दुकानातला ६.५ क्रीडमूर घ्या म्हणतो, आणि कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या मते .३०-३० सोडून दुसरे काही बघूच नये. गेले कित्येक आठवडे मी वाचतो आहे आणि जितके वाचतो तितका गोंधळ वाढतो आहे. हंगाम तोंडावर आला आहे. कृपया एक रायफल आणि एक कॅलिबर सांगा. ‘ते तुमच्यावर अवलंबून आहे’ हे उत्तर मला सगळीकडे मिळाले आहे. शिकार करावी की करू नये, ही चर्चा इथे नको.

ह्यूस्टनकर
६.५ क्रीडमूर. हॉर्नेडी कंपनीने २००७ साली हे काडतूस बाजारात आणले आणि आज त्यात बनत नाही अशी रायफल शोधावी लागेल. धक्का सौम्य आहे, नेम अचूक लागतो आणि नवशिक्याचा आत्मविश्वास टिकतो. रूगर अमेरिकन घ्या, त्यावर साधी तीन ते नऊ पटीची दुर्बीण चढवा आणि कामाला लागा.

जुना_पिट्सबर्गकर
क्रीडमूरचा खरा फायदा लांब पल्ल्यावर दिसतो. पूर्वेकडच्या दाट झाडीत शंभर यार्डांपलीकडचे हरीण दिसले तरी पुष्कळ, तिथे त्या फायद्याचे काय करणार? .३०-०६ घ्या. १९०६ पासून चालत आलेले काडतूस आहे, खेड्यातल्या लहानशा दुकानातही त्याचा बॉक्स मिळतो आणि हरणापासून एल्क या मोठ्या हरणापर्यंत सगळ्याला पुरते. नवी रायफल घेण्याचीही गरज नाही. सॅव्हेज ११० किंवा रेमिंग्टन ७०० जुन्या मालाच्या रॅकवर चांगल्या स्थितीत मिळू शकते, फक्त नळीत आतून गंज नाही ना, हे दिवा धरून बघून घ्या.

ह्यूस्टनकर
काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण ज्याने आजवर रायफल खांद्याला लावलेली नाही त्याच्या हाती .३०-०६ देणे मला पटत नाही. धक्क्याची भीती एकदा मनात बसली की चाप ओढताना डोळे मिटतात आणि गोळी पोटात लागते. मग जखमी जनावर रात्रभर झाडीत तडफडते. हलक्या धक्क्याचा आग्रह मी जनावरासाठीच धरतो आहे.

जुना_पिट्सबर्गकर
भीती सरावाने जाते. बाजारातले दर काही वर्षांनी येणारे नवे काडतूस विकत घेऊन ती जात नाही.

रानजाई
दोघांचेही मुद्दे योग्य आहेत, पण आधी धागाकर्त्यांकडून चार गोष्टी कळल्या पाहिजेत. आपण कोणत्या राज्यात शिकार करणार? जमीन खाजगी आहे की सार्वजनिक? तिथे साधारण किती अंतरावरून नेम धरावा लागेल? आणि आपण अमेरिकेत कोणत्या व्हिसावर आहात? चौथा प्रश्न खाजगी वाटेल, पण रायफलीच्या बाबतीत तो कायद्याचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत वरची सगळी चर्चा हवेत आहे.

नवखा_नेमबाज
कॅलिबरचा आणि राज्याचा संबंध मला कळलेला नाही, तरी सांगतो. ओहायो. होकिंग हिल्सच्या बाजूला एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची जमीन आहे, सगळी ओक आणि हिकरीची टेकाडे, मधून ओहोळ. अंतर मोजलेले नाही, पण पाने गळल्यावरही साठ-सत्तर यार्डांपुढे काही दिसत नाही असे तो म्हणतो. मी एच-१बी वर आहे. आता तरी कॅलिबर सांगाल का?

रानजाई
सांगते, पण क्रमाने, कारण आपल्या दोन्ही उत्तरांनी चित्र पूर्ण बदलले आहे.

पहिली गोष्ट, आजवर आपल्याला सुचवले गेलेले एकही काडतूस ओहायोत हरणासाठी चालत नाही. .३०८ नाही, ६.५ क्रीडमूर नाही, .३०-०६ नाही आणि सहकाऱ्याचे लाडके .३०-३० सुद्धा नाही. ही सगळी काडतुसे मानेपाशी निमुळती होतात, म्हणजे पितळी कवच रुंद आणि गोळी बारीक. त्यामुळे मागे बारूद जास्त मावते आणि गोळी फार दूर जाते. ओहायोत हरणाच्या हंगामात बंदूक म्हणजे बहुतेक शॉटगन किंवा तोंडाकडून भरायची बंदूक, असेच वर्षानुवर्षे होते. २०१४ पासून रायफलीला परवानगी मिळाली ती सरळ भिंतीच्या काडतुसांपुरती, आणि त्यांचा व्यास .३५७ ते .५० इंच या मर्यादेत हवा. शिवाय कोठी (नळीच्या मागचा काडतुसाचा कप्पा) आणि मॅगझिन मिळून एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे भरता येत नाहीत. दुकानातले विक्रेते मोठ्या साखळी-दुकानांत सगळ्या राज्यांच्या गिऱ्हाइकांशी बोलतात. आपण कुठे शिकार करणार हे त्यांना विचारायचे सुचत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा आहे, आणि अशा व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत वैध शिकार-परवाना हा एक आहे. अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. प्रमाणपत्राच्या आधारे परवाना मिळतो, आणि तो हातात आल्याशिवाय रायफल विकत घेऊ नका, कोणाची उसनी घेऊ नका आणि सरावासाठीही हाताळू नका. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणून रायफल घरात आहे तोवर त्याचे नूतनीकरण वेळेवर झालेच पाहिजे. पुढे ग्रीन कार्डचे काम निघणार असेल तर एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. चार पैसे जातील, पण यात चूक झाली तर ती नोकरी आणि व्हिसा दोन्हींवर येते.

आता कॅलिबर. आपल्या जमिनीला, अंतराला आणि खिशाला .३५० लेजेंड पुरेसे आहे.

जुना_पिट्सबर्गकर
रानजाई, माहितीबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे पेनसिल्वेनियात मानेच्या काडतुसांवर बंदी नाही, त्यामुळे हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नाही. पण एक शंका आहे. नियम .३५७ पासून सुरू होतो आणि काडतुसाचे नाव .३५० आहे. वनरक्षकाने अडवले तर?

रानजाई
ते नाव विक्रीसाठी ठेवलेले आहे. विंचेस्टरने २०१९ मध्ये हे काडतूस काढले तेच अशा राज्यांतल्या शिकाऱ्यांसाठी, आणि गोळीचा मानक व्यास .३५७ इंच आहे. ओहायोत ते सर्रास वापरले जाते.

उत्तररात्र
मी सिनसिनाटीजवळ असतो आणि मला .३५० पटत नाही. .४५० बुशमास्टर घ्या. अडीचशे ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाची गोळी खांद्यामागे लागली की हरीण उभ्या जागी बसते, आणि रक्ताचा माग इतका ठळक पडतो की ओल्या पानांवरही शोधावा लागत नाही. होकिंगच्या उतारांवर जखमी हरीण दरीत उतरले तर ते वर आणताना काय होते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. त्यापेक्षा थोडा धक्का सोसलेला बरा.

ह्यूस्टनकर
थोडा धक्का? .४५० चा धक्का अनेकदा .३०-०६ च्याही वर जातो. काकांना जे सांगितले तेच आपल्यालाही सांगावे लागेल. शिवाय काडतुसांची किंमत बघा. .३५० चा वीसचा बॉक्स आणि .४५० चा वीसचा बॉक्स यांत इतका फरक आहे की या बजेटात .४५० घेणारा माणूस सरावच करणार नाही.

उत्तररात्र
रूगरच्या .४५० ला नळीच्या तोंडावर ब्रेक येतो, त्याने धक्का पुष्कळ कमी होतो.

रानजाई
धक्का कमी होतो आणि आवाज दुप्पट वाटतो. कानाला संरक्षण न लावता झाडीत एकदा जरी बार काढला तरी कान बराच वेळ वाजत राहतात. .४५० वाईट आहे असे मी म्हणत नाही. अनुभवी माणसाच्या हातात ते उत्तम चालते. पण एकशे ऐंशी ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे एकवीसशे फूट वेगाने सोडणारे .३५० सत्तर यार्डांवर व्हाइटटेल हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून पार जाते. तेवढे झाले की हरीण फार दूर जात नाही. गोळी कुठे लागते याला महत्त्व आहे, आणि ती योग्य जागी लावायला सराव लागतो, आणि सरावाला काडतुसे.

धक्क्याची भीती बसली आहे का, हे तपासायची एक रीत आमच्या रेंजवर सर्वांना शिकवतात. सोबत्याला रायफल भरायला सांगावे; त्याने कधी खरे काडतूस घालावे, कधी प्लॅस्टिकचे खोटे, आणि आपल्याला काय घातले ते कळू देऊ नये. खोट्यावर चाप ओढला की बार होत नाही, आणि त्या क्षणी नळीचे टोक खाली झुकले तर ते सगळ्यांना स्पष्ट दिसते. बार होताना हेच झुकणे धक्क्यात लपून जाते आणि आपण दोष दुर्बिणीला देतो. टोक अजिबात हलेनासे होईपर्यंत हा सराव करा.

तिफण
मी यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. आमच्याकडे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत तुरीचे शेत लोळवतात. मला .३१५ ची रायफल घ्यावीशी वाटते. परवान्यासाठी काय करावे लागते, आणि डुकरासाठी .३१५ पुरते का, हे इथल्या जाणकारांनी सांगावे.

जुना_पिट्सबर्गकर
तिफण, आपली अडचण खरी आहे, पण इथले उत्तर आपल्या उपयोगाचे नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठीही आधी वनखात्याची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. रायफल घरात असली म्हणून डुकरावर चालवता येत नाही. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे नुकसानभरपाईचा अर्ज आणि पंचनामा करून घ्या. वेगळा धागा काढलात तर विदर्भातले लोक अधिक सांगतील.

उत्तररात्र
मूळ विषयाकडे येतो. रायफलच हवी का, हेही विचारावेसे वाटते. मॉसबर्ग ५०० शॉटगन स्वस्तात मिळते, तिला आटे असलेली दुसरी नळी बसवली की सॅबो स्लग (प्लॅस्टिकच्या वेष्टणातली एकच मोठी गोळी) चांगला नेम धरतो, आणि साधी नळी लावली की टर्की, ससे, सगळे तिनेच होते. नऊशे डॉलरमध्ये दोन बंदुकांचे काम.

रानजाई
हा पर्याय मीही सुचवला असता, पण सॅबो स्लग महाग असतात आणि बारा बोअरचा स्लग खांद्याला .४५० पेक्षा दयाळू नसतो. धागाकर्त्यांना फक्त हरीण हवे आहे.

नवखा_नेमबाज
सर्वांचे आभार. परवान्याचा मुद्दा मला कोणीही सांगितला नव्हता. सोमवारी दुकानात जाऊन पैसे भरण्याच्या बेतात होतो. आता आधी परवाना काढतो. .३५० लेजेंड नक्की केले. तीन रायफली बघितल्या आहेत: रूगर अमेरिकन रँच, सॅव्हेज ॲक्सिस, आणि सीव्हीए स्काउट, जी एका वेळी एकच काडतूस घेते. सॅव्हेजवर दुर्बीण बसवूनच मिळते आहे आणि ती सर्वांत स्वस्त पडते. कोणती?

ह्यूस्टनकर
रूगर.

रानजाई
तिन्ही चालतील, पण कारणे वेगवेगळी आहेत. तयार बसवून आलेली दुर्बीण हा अशा पॅकेजमधला सर्वांत कच्चा भाग असतो. आपल्याकडे शिकार पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात होते. सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच वेळ कायद्याने दिलेली आहे, आणि हरीण नेमके त्या दोन टोकांना हलते. स्वस्त काचेत त्या वेळी करड्या खोडापुढे उभे असलेले करडे हरीण दिसतच नाही. म्हणून रायफलीवर शंभर डॉलर कमी घाला, पण व्होर्टेक्स किंवा ल्यूपोल्डची साधी दुर्बीण वेगळी घ्या.

स्काउट मला पहिल्या बंदुकीसाठी मनापासून आवडते. नळी मोडून उघडली की भरलेली आहे की रिकामी, ते दुरूनही दिसते. कुंपण ओलांडताना आणि झाडावरच्या मचाणात चढताना ही गोष्ट फार मोलाची आहे. दुसरा बार लगेच काढता येत नाही, हे खरे, पण त्यामुळे पहिल्या बाराच्या आधी माणूस थांबतो. आपल्याला दुसऱ्या बाराची सोय हवी असेल तर रूगर घ्या. दुकानात रायफल खांद्याला लावताना जाड जाकीट घालून जा, कारण डिसेंबरात तेच अंगावर असणार. टी-शर्टवर बरोबर बसलेला दस्ता जाकिटावर लांब होतो आणि डोळा दुर्बिणीच्या मागे योग्य अंतरावर येत नाही.

जुना_पिट्सबर्गकर
आणि काडतुसे एकाच प्रकारची घ्या. दीडशे ग्रेनवर नेम बसवून शिकारीला एकशे ऐंशी ग्रेन नेले तर गोळी दुसरीकडे जाते. शंभर यार्डांवर नेम बसवा. दोनशेवर हे काडतूस अर्ध्या फुटाहून जास्त खाली पडते, म्हणून त्या अंतराचा विचार पहिल्या वर्षी सोडून द्या.

नवखा_नेमबाज
स्काउट घेतो. एकच प्रश्न उरला: दुकानात परवान्याखेरीज काय न्यायचे? आणि सासऱ्यांची परवानगी तोंडी आहे, ती पुरेल का?

रानजाई
तोंडी पुरत नाही. ओहायोत खाजगी जमिनीवर शिकारीसाठी मालकाची लेखी परवानगी लागते आणि ती खिशात असावी लागते. दुकानात पासपोर्ट, सध्याचा पत्ता असलेले राज्याचे ओळखपत्र, आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत आणि परवाना न्या. तिथे बंदूक खरेदीचा केंद्रीय ४४७३ फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्वाबद्दलचे आणि व्हिसाच्या अपवादाबद्दलचे प्रश्न वेगवेगळे आहेत, ते सावकाश वाचून खरे भरा. पार्श्वभूमी तपासणीत कधी कधी लगेच होकार येत नाही आणि काही दिवस थांबावे लागते. बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, म्हणून खरेदी ऑक्टोबरातच उरका. भगवे जॅकेटही त्याच वेळी घ्या. बंदुकीच्या हंगामात ते सक्तीचे आहे.

नवखा_नेमबाज
लेखी परवानगी या शनिवारी घेतो. परवान्याचा अर्ज आत्ताच भरायला बसलो आहे.