मदत हवी आहे : ‘थिकफ्रीकनेस’सारखा आवाज का येत नाही? (तातडीचं)

ठेका_चुकला
आम्ही दोघंच आहोत, गिटार आणि ड्रम. तीन गाणी रविवारपर्यंत द्यायची आहेत. डोक्यात ब्लॅक कीज या (आमच्यासारख्याच गिटार-ड्रमवाल्या) जोडीचा ‘थिकफ्रीकनेस’ हा अल्बम आहे. त्यांनी तळघरात जुन्या मशीनवर १४ तासांत उरकलं आणि आवाज अंगावर येतो. आम्ही तीन शनिवार-रविवार घालवले, तर बिस्किटाचा रिकामा डबा बडवल्यासारखा येतोय. सगळं करून पाहिलं. काय चुकतंय? ‘आधी रियाज करा’ हा सल्ला कृपया नको.

शंकासुर
सगळं म्हणजे काय काय? गिटार कुठली, अँप कुठला, माइक किती, खोली केवढी? डॉक्टरसमोर बसून नुसतं ‘दुखतंय’ म्हणून गप्प बसल्यासारखं झालं हे.

रानमांजर
सोपं आहे. बास नाही म्हणून पोकळ वाटतंय. गिटार एक सप्तक खाली नेणारं पेडल घ्या. ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ती ओळ जॅक व्हाइटने तशीच काढली, लोकांना आजही ते बास गिटार वाटतं. लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या टेपवर. त्यांचा ‘एलेफंट’ अल्बम नीट ऐका एकदा.

ठेका_चुकला
जॅक व्हाइट म्हणजे व्हाइट स्ट्राइप्स, ती वेगळी जोडी. मी ब्लॅक कीजबद्दल विचारलंय.

रानमांजर
दोघंच, बास नाही, आठ ट्रॅक, दोन्ही अल्बम २००३ चे. असा काय मोठा फरक आहे?

एकतारी
फरक आहे हो! व्हाइट स्ट्राइप्स डेट्रॉइटचे. थिकफ्रीकनेस जन्मला ओहायोत, पण त्याचं मूळ उत्तर मिसिसिपीत आहे. तिथला ब्लूजवाला ज्युनिअर किम्ब्रो ऐका. हा माणूस कॉर्ड बदलायची घाई करतच नाही. अंगठा खर्जाच्या जाड तारेवर तंबोऱ्यासारखा चालू, आणि बारीक तारांवर गाणं. बासवाला हवा कशाला? त्याच्या रेकॉर्ड फॅट पॉसम या लेबलने काढल्या आणि थिकफ्रीकनेसही त्यांनीच काढला. अल्बममध्ये किम्ब्रोचं ‘एव्हरीव्हेअर आय गो’ आहे. पुढे २००६ मध्ये ब्लॅक कीजची ‘चुलाहोमा’ ही रेकॉर्ड तर अख्खी त्याच्याच गाण्यांची. तेव्हा पेडल राहू द्या, कॉर्ड कमी करा आणि अंगठा कामाला लावा.

रानमांजर
मग त्याच अल्बममधलं ‘हॅव लव्ह विल ट्रॅव्हल’ काय मिसिसिपीचं आहे का? ते रिचर्ड बेरीचं, लॉस एंजेलिसचं. गॅरेज रॉकवाल्यांना ते कळलं सॉनिक्स या बँडमुळे, आणि सॉनिक्स वॉशिंग्टनचे. तुम्हाला सगळीकडे किम्ब्रोच दिसतो.

घासलेट
दोघंही चुकताय. उत्तर एकच : टेप. तो अल्बम जवळजवळ सगळा टास्कॅम ३८८ या टेप मशीनवर झालाय. पाव इंची टेपवर आठ ट्रॅक दाटीवाटीने बसवलेले. जरा जोरात भरलं की टेप स्वतःच आवाज दाबते, कडा गोल होतात. लॅपटॉपवर सात जन्मांत होणार नाही. मशीन शोधा.

शंकासुर
रविवारपर्यंत? माझ्याकडे एक जुनं रील मशीन होतं. वर्षभरात चार गाणी झाली आणि बाकी वेळ मी कानकोरणं आणि स्पिरिट घेऊन हेड पुसत बसलो. शेवटी बेल्ट ताणला गेला आणि ड्रमर विलंबित लयीत गेला.

घासलेट
तुम्हाला मशीन राखता आलं नाही, यात टेपचा काय दोष?

शंकासुर
बरं बुवा. धागाकर्ते, माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत.

ओहायोकर
थोडं अवांतर. मी अॅक्रनपासून अर्ध्या तासावर राहतो. टायरचं गाव हे : गुडइयर, फायरस्टोन, जनरल टायर, सगळे इथलेच. इकडची जुन्या घरांची तळघरं पाहिलीत तर रोमँटिक कल्पना उतरेल. सिमेंटची जमीन, डोक्याला लागेलसं छत, कोपऱ्यात भट्टी आणि शेजारी कपडे धुवायचं मशीन. ड्रमर पॅट्रिक कार्नीच्या अशाच तळघरात डिसेंबर २००२ मध्ये हे झालं. आणि १४ तास ही काही कलात्मक भूमिका नव्हती हो. लेबलकडून मिळालेली थोडीशी आगाऊ रक्कम घरभाड्यात गेली होती. पुढचा अल्बम त्यांनी जनरल टायरच्या बंद कारखान्यात केला, म्हणून नाव ‘रबर फॅक्टरी’. लेब्रॉन जेम्सही अॅक्रनचाच, पण इथे बास्केटबॉलची आवड कुणाला असेलसं वाटत नाही.

एकतारी
लेब्रॉन कशाला, गायिका क्रिसी हाइंड सांगा! तीही अॅक्रनचीच.

माई_मिरजकर
माझ्या भाच्याकडे याची रेकॉर्ड आहे. कव्हरवर केसांना लावायच्या पोमेडचा डबा आहे, मला आधी बुटाचं पॉलिश वाटलं. रेकॉर्ड धुताना नळाचं पाणी वापरू नका, क्षार राहतात. डिस्टिल्ड पाणी घ्या आणि मऊ कापडाने खाचेच्या दिशेनेच पुसा.

ठेका_चुकला
रेकॉर्ड धुण्याबद्दल कोणी विचारलंय? माफ करा माई, पण दिवस कमी आहेत. शंकासुर, घ्या : गिटार थेट इंटरफेसमध्ये (लॅपटॉपला जोडायची पेटी), अँप लॅपटॉपमधलाच, त्यावर फझ (आवाज फाडणारा इफेक्ट). ड्रमवर दोन माइक, एक वरून आणि एक बास ड्रमसमोर. आधी मेट्रोनोमच्या टिकटिकीवर ड्रम केले, पुढच्या आठवड्यात त्यावर गिटार. खोली दहा बाय दहा, चारही भिंतींना अंड्याचे ट्रे. हे सगळं उघडच आहे ना?

शंकासुर
उघड? दोन माइक आहेत हे आत्ता सांगताय! आधी एक करा. फक्त ड्रम लावा आणि वरचा माइक बंद करा. बास ड्रम वाढतो की कमी होतो?

घासलेट
अंड्याचे ट्रे!! 😂 त्यांनी झांजांची चमक थोडी मरते, खर्ज आहे तसाच खोलीत घुमत राहतो. आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं ते जातंच.

ठेका_चुकला
वरचा बंद केला की बास ड्रम पोटात लागतो. चालू केला की गायब. हे कसं काय?

शंकासुर
दोन माइक एकमेकांना खातायत. लॅपटॉपवर दोन्ही ट्रॅकच्या लहरी मोठ्या करून बघा : बास ड्रमच्या ठोक्याला एका ट्रॅकवर पहिला डोंगर वर जात असेल आणि दुसऱ्यावर खड्डा पडत असेल. बेरीज केली की शून्याच्या जवळ. वरच्या माइकच्या ट्रॅकला फेज उलटी करायचं बटण असेल, तिरक्या रेघेने छेदलेलं वर्तुळ. ते दाबा. स्नेअरचा (कडकडीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा) आवाज बिघडला तर बटण पुन्हा काढून तो ट्रॅक थोडा मागेपुढे सरकवून बघा.

रानमांजर
तरी सप्तकवालं पेडल लागेलच.

ठेका_चुकला
दाबलं. खिडकीची काच थरथरली आणि आई स्वयंपाकघरातून विचारत आली की काय पडलं. तीन शनिवार-रविवार!! एका बटणापायी!!! स्नेअर ठीक आहे. पण गिटार अजून पातळच, ड्रमवर तेल तरंगावं तशी.

एकतारी
कारण ती ड्रमसोबत वाजलीच नाही. ब्लॅक कीजच्या डॅन ऑअरबाखची गिटार कार्नीकडे बघून वाजते. मध्येच दोघं मिळून धावतात, मग मिळून सावरतात. मेट्रोनोम लावून हे कसं येणार?

शंकासुर
पहिल्यांदाच एकतारींशी सहमत. कोणाकडून तरी खरा अँप मागून आणा. छोटाच आणा, पाच-दहा वॅटचा. तो लवकर फाटतो आणि फाटतो तो छान फाटतो. ड्रमच्याच खोलीत ठेवा. गिटार ड्रमच्या माइकमध्ये शिरेल, शिरू द्या. फझ आत्ता लावताय त्याच्या निम्मा. जास्त फझने ठोक्याची धार जाते, म्हणून पातळ वाटतं.

ठेका_चुकला
सोसायटीत अँप? खालच्या मजल्यावरचे काका मागच्या वेळी नुसत्या ड्रमला वर आले होते, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. मित्राचा गाळा आहे, शनिवारी दुपारी रिकामा असतो. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छत, एका बाजूला रंगाचे डबे. चालेल?

ओहायोकर
तळघर आणखी वेगळं काय असतं!

शंकासुर
चालेल. रंगाचे डबे मात्र बाहेर काढा, ठोक्यासरशी खडखडतील. अंड्याचे ट्रे नेऊ नका.

ठेका_चुकला
शटर बंद ठेवू का?

शंकासुर
अर्धं उघडं ठेवा. पत्र्याखाली दुपारी उकडून मराल.

घासलेट
कुणाकडे ३८८ पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बंद असलं तरी चालेल.