डिक्रीज, रिड्यूस, डिक्लाइन: कुठे काय लिहायचं?

चिकोडीकर: परीक्षेत आलेखाचं वर्णन इंग्रजीत करायचंय. हिडकल धरणातला साठा जानेवारीपासून मेपर्यंत घटत गेला, असं समजा. ‘रिड्यूस्ड’ चालेल का? आणि पुढे ‘बाय’ की ‘टू’?

खानापूरचे मास्तर: नको. रिड्यूसला कमी करणारा कर्ता लागतो: खात्यानं विसर्ग रिड्यूस केला. साठा आपणहून घटला तर ‘डिक्रीज्ड’ किंवा ‘फेल’ (‘फॉल’चं भूतकाळी रूप). डिक्रीज तसं दोन्हीकडे चालतं.

‘बाय’ म्हणजे किती घटलं, ‘टू’ म्हणजे किती उरलं. साठा ८० टक्क्यांवरून ३० वर आला तर ‘फेल फ्रॉम ८० टू ३० पर्सेंट’. इथे ‘बाय ५० पर्सेंट’ लिहिलंत की साठा निम्मा झाला, म्हणजे ४० वर आला, असाही अर्थ निघतो. गुण हमखास इथेच जातात बघा. नाम वापरलंत तर पुढे ‘इन’: अ डिक्रीज इन स्टोरेज.

निपाणीवाला: डिक्लाइन जरा जपून. दर्जा, प्रकृती, संख्या यांच्या उतरणीला ते शोभतं, पण पुढे कर्म आलं की अर्थ थेट ‘नाकारणं’. कृष्णेचा पूर ‘सब्साइड’ किंवा ‘रिसीड’ होतो, पावसाचा जोर ‘अबेट’. ‘वेन’ चंद्रकलेला आणि पुढाऱ्याच्या वजनाला!

चिकोडीकर: आणि शाळेचा पट दरवर्षी थोडाथोडा रोडावतो, त्याला?

खानापूरचे मास्तर: ‘ड्विंडल’. एका झटक्यात घटला तर मात्र ‘ड्रॉप’ किंवा ‘प्लंज’. तोंडी परीक्षा असेल तर डिक्रीज नाम असताना आघात (उच्चारातला जोर) शब्दाच्या पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘डि’वर द्या, क्रियापद असताना दुसऱ्यावर, ‘क्रीज’वर.