मदत हवी आहे: मल्टीची गच्ची एका फ्लॅटच्या मालकीची असू शकते का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला राजेंद्र नगर भागात आमची चार मजली मल्टी आहे, बारा फ्लॅटची. सर्वात वरच्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट बाबांनी 2004 साली घेतला, आता तो आईच्या नावावर आहे. दोन वर्षांपूर्वी समोरचा फ्लॅट विकला गेला. नव्या मालकांचं म्हणणं, बिल्डरनं पहिल्या रजिस्ट्रीतच "छताचे सर्व अधिकार" त्या फ्लॅटला लिहून दिलेत. यंदा अक्षय तृतीयेच्या सुमारास त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.

सगळ्यांच्या टाक्या वर आहेत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि नेमका त्याच दिवशी वॉल्व्ह अडकला की किल्ली मागायला जायचं. ते घरी नसले तर सगळी घरं ताटकळतात. त्यातून पत्र्याच्या शेडसाठी त्यांनी स्लॅबला भोकं पाडली. पहिल्याच मोठ्या पावसात आईच्या देवघराच्या कोपऱ्यात ओल आली. आता भिंतीचे पापुद्रे सुटून देवांवर पडतात. आई रोज सकाळी आधी ते मऊ फडक्यानं झटकते, मग पूजेला बसते. मला ते बघवत नाही.

मराठीत शोधलं की सगळं महाराष्ट्रातलं सापडतं: मोफा (तिथला फ्लॅट मालकीचा कायदा), डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरनं न दिलेली मालकी सोसायटीच्या नावे करून घेणं), सोसायटीचे उपविधी. पुण्याच्या दादानं पार्किंगबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल पाठवला, पण तोही मोफावरचाच. आमच्याकडे मध्यप्रदेश प्रकोष्ठ (म्हणजे फ्लॅट) स्वामित्व अधिनियम, 2000 आहे. त्यात फ्लॅटबरोबर सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा येतो आणि तो फ्लॅटपासून वेगळा काढता येत नाही. आमच्या रजिस्ट्रीत जमिनीतला हिस्सा लिहिलाय, गच्चीबद्दल मात्र अक्षर नाही. इमारत जुनी, पूर्णत्वाचा दाखला तेव्हाच मिळालेला, त्यामुळे रेराचा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा) रस्ता बंद.

आमचा रहवासी संघ म्हणजे मेंटेनन्सची एक वही. 1973 च्या सोसायटी कायद्याखाली त्याची नोंदणी कधी केलीच नाही. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की संघ नोंदलेला नसला तरी काही रहिवासी कोर्टाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं दिवाणी दावा लावू शकतात (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 1 रूल 8). मात्र हक्क जाहीर करून मागायला मुदत तीन वर्षांची, म्हणून नुसतं थांबून राहू नका. आमच्यासकट सात घरं सही करायला तयार आहेत.

खरं सांगायचं तर समोरच्यांचा मला राग येत नाही. त्या एका ओळीसाठी त्यांनी जास्तीचे पैसे मोजलेत, आणि आई तापानं पडली होती तेव्हा त्यांच्याच घरून दोन्ही वेळचा डबा येत होता. जे आपलं नव्हतं ते बिल्डरनं विकलं, आणि तो आता सापडत नाही.

मध्यप्रदेशात कोणी यातून गेलंय का? बिल्डरनं प्रकोष्ठ कायद्याखाली घोषणापत्र (इमारत या कायद्याखाली आणल्याचा दस्त) नोंदवलं होतं की नाही, हे उपपंजीयक (सब-रजिस्ट्रार) कार्यालयात कसं शोधायचं? नसेल नोंदवलं, तर हा कायदा आमच्या कामी येतो का? आधी संघाची नोंदणी करावी की थेट दावा लावावा? शेडसाठी नगर निगमात तक्रार केली तर बोलणीच तुटतील, अशी भीती वाटते.

आणि सगळ्यात घाईचं म्हणजे दावा चालू असताना निदान किल्लीपुरता आणि वॉटरप्रूफिंगपुरता अंतरिम आदेश मिळतो का? दिवाळीच्या आत देवघरावरचा स्लॅब दुरुस्त करून घ्यायचाय.