साबू आणि इची: रहस्यकथा म्हणून किती खरी?

खिडकीजवळची सीट:
शोतारो इशिनोमोरींची ‘साबू तो इची तोरिमोनो हिकाए’ (१९६६ ते १९७२) पुन्हा वाचतेय. ज्यांना ही मांगा (जपानी चित्रकथा) माहीत नाही त्यांच्यासाठी: शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या काळातलं एदो, म्हणजे आजचं तोक्यो. साबू हा पोलिसांच्या एका खबऱ्याच्या हाताखालचा तरुण पोरगा. इची आंधळा, मालीश करून पोट भरणारा, काठीत तलवार लपवलेला. दोघं मिळून गुन्हे उकलतात.

माझ्या मते ऐतिहासिक हेरकथांच्या मांगात हिला तोड नाही, आणि त्याचं श्रेय तलवारीपेक्षा इचीच्या धंद्याला जातं. त्या काळचे मालीशवाले रात्री बारीक शिट्टी वाजवत गल्लीतून फिरायचे, हाक आली की आत शिरायचे. व्यापारी असो की सामुराई, पाठ सगळे त्यांच्याच हातात देणार. कुणाचे खांदे आखडलेत, कुणाची झोप उडालीय, हे बोटांना कळतं. शिवाय आंधळ्यासमोर लोक बिनधास्त बोलतात. होम्सला वेषांतर करावं लागतं, इचीला त्याचीही गरज नाही.

तर्ककर्कश:
वातावरणाला पैकीच्या पैकी, रहस्याला काठावर पास. वाचकाला दिसतं तेवढ्यावरून त्याला उत्तर काढता आलं पाहिजे, हा हेरकथेचा पहिला नियम. इथे इचीला काहीतरी ऐकू येतं आणि प्रकरण निकालात! कागदावर मला कसं ऐकू येणार?

आंधळा मालीशवाला तलवारबाज तर झातोइचीच्या सिनेमात १९६२ लाच येऊन गेला होता. आणि खरी उकल हवी असेल तर किदो ओकामोतोंच्या हानशिची या हेराच्या कथा वाचा. त्या १९१७ पासूनच्या आहेत. शेरलॉक होम्स वाचून लिहायला घेतल्या, पण एदोत चपखल बसवल्या.

खिडकीजवळची सीट:
झातोइची भटक्या, जुगारी, याकुझांच्या म्हणजे गुंडटोळ्यांच्या जगातला. आपला इची शहरातच धंदा करून राहणारा. काठी सारखी म्हणून माणूस सारखा?

वाचकाला सुगावा मिळत नाही हेही पटत नाही. एदोत रात्री दहाच्या सुमारास मोहल्ल्यांची लाकडी फाटकं बंद व्हायची. नंतर कुणी आलाच, तर पहारेकरी त्याला दिंडी दरवाजातून सोडायचा आणि लाकडी ठोकळे वाजवून पुढच्या फाटकाला वर्दी द्यायचा. म्हणजे रात्री खून झाला तर आत कोण होतं याची यादी जवळपास तयारच. बंद खोलीचं कोडं म्हणतात ना, इथे अख्खा मोहल्लाच बंद! त्यात वेळ मोजायची तऱ्हा अशी, की दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग, त्यांची लांबी ऋतूप्रमाणे बदलणार. साक्षीदार सांगतो ती वेळ जूनमधली की डिसेंबरमधली, यानं फरक पडतो. हे डोक्यात ठेवून वाचा.

तर्ककर्कश:
म्हणजे कथा वाचण्याआधी एदोची परीक्षा देऊन यायचं? छान.

दप्तरखाना:
परीक्षेचा विषय निघालाच आहे तर एक पेपर माझाही. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात. नगराधिकारी दोन, प्रत्येकाकडे २५ योरिकी (वरचे अंमलदार) आणि त्यांच्या हाताखाली शंभर-सव्वाशे दोशिन (साधे शिपाई). एवढ्या माणसांत शहर कसं सांभाळणार? म्हणून दोशिन पदरचे पैसे देऊन खबरे ठेवायचे, ते ओकाप्पिकी. साबूचा मालक हाच. या लोकांत जुने गुन्हेगार बरेच. ‘तुमचं नाव चौकशीत येऊ देत नाही, काय देता?’ हा त्यांचा जोडधंदा. सरकारनं त्यांच्यावर वारंवार बंदी घातली, पण त्यांच्यावाचून पानही हलेना. अशा टोळीत साबूसारखा सालस पोरगा? शिवाय मोठ्या गुन्ह्यात शिक्षेला कबुलीजबाब लागे. तो मिळेना, तर टोकेरी लाकडांवर गुडघ्यांवर बसवून मांड्यांवर दगडी लाद्या रचत. सुगाव्यांची साखळी ऐकवून गुन्हेगाराची बोलती बंद करणं हे विसाव्या शतकातल्या लेखकांचं देणं.

आणि आंधळ्यांच्या ‘तोदोझा’ या संघाला सरकारी अभय होतं, त्यातले लोक सावकारी करत आणि वसुलीसाठी बदनाम होते. हा इची मात्र निव्वळ गरीब आणि सज्जन.

कोरी वही:
दप्तरखाना यांच्याशी सहमत, तरीही मालिका आवडते. ती मुलांच्या ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि १९६८ मध्ये मोठ्यांच्या ‘बिग कॉमिक’मध्ये गेली, हे वाचताना लक्षात ठेवा. पुढच्या भागांत इशिनोमोरींना घाई नाही. पानंच्या पानं कुणी बोलत नाही, नुसता पाऊस, नाहीतर बर्फ आणि कौलं. ‘जुन’ ही त्यांची जवळपास शब्दांविना चालणारी मांगा त्याच काळातली. मांगांसाठीचा शोगाकुकान पुरस्कारही १९६८ ला या दोन्हींना मिळून दिला गेला. खुनी कोण हे मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि आठवावं असं वाटतही नाही.

तर्ककर्कश:
@कोरी वही, खुनी आठवत नाही ही रहस्यकथेची तारीफ आहे का हो?

खिडकीजवळची सीट:
@दप्तरखाना, साबू गुळगुळीत केलाय, मान्यच. इचीचं पटत नाही. त्या संघात वरची पदं पैसे भरून मिळायची, पार केंग्यो या सर्वोच्च पदापर्यंत. सावकारी करणारे ते. ज्यांना भरणं परवडत नव्हतं ते रात्री थंडीत शिट्टी वाजवत फिरायचे. इची त्यांच्यातलाच, मग तो गरीब नाही तर कोण असणार?

दप्तरखाना:
गरीब ठीक. सज्जनाचं काय?

तर्ककर्कश:
तुमचं चालू द्या. माझी मागणी साधी आहे: उलगड्याच्या आधी सगळे सुगावे चौकटींत दिसतात अशी या मालिकेतली एक कथा सांगा. फाटकाची चालेल, घड्याळाची चालेल. वाचून इथेच लिहीन.